रहीमभाईंच्या दारावरची बेल

जिनतचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान परळीत स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नवऱ्याशी पटलं नाही तेव्हा ती माहेरी आली, आणि घरात बसून राहणं जमेना म्हणून तिनं दुकान टाकलं. घरी ती आणि तिचे अब्बा, रहीमभाई, एवढी दोघंच. रहीमभाईंची सारी नोकरी परळीच्या थर्मल वीज केंद्रात फिटर म्हणून टर्बाइनच्या शेजारी गेली. त्या आवाजानं त्यांचे कान गेले, पण हे घरात कुणी बोलायचं नाही असा जणू कायदाच होता. कानातली मशीन एकदा आणली होती, ती त्यांनी आठवडाभर लावली आणि कपाटात ठेवून दिली. त्यात सगळा बाजार एकदम ओरडतो म्हणाले. लोक बोलायला लागले की ते तोंडाकडं बघायचे, हसायचे आणि मान हलवायचे. समोरच्याला वाटायचं, ऐकलं.

एका सोमवारी दुपारी जिनतला बसस्टँडवर सुंदरराव दिसले. ते थर्मलच्या स्टोअरला होते. कॉलनीत त्यांचं आणि रहीमभाईंचं क्वार्टर भिंतीला भिंत लागून. रिटायर झाल्यावर ते नांदूरघाटला शेतावर राहायला गेले, पण वैजनाथाच्या दर्शनाला सोमवारी परळीला आले की चहा रहीमभाईंकडंच व्हायचा. अलीकडं काही महिने ते फिरकले नव्हते. सुंदरराव आपल्याला विसरले, असं रहीमभाई एकदा जेवताना म्हणाले होते आणि मग पुन्हा त्यांनी नाव काढलं नव्हतं.

जिनतनं जवळ जाऊन विचारलं, काका, घरी काहून येत न्हाई? सुंदररावांनी आधी टाळलं. गाडीची वेळ झाली म्हणाले. ती हलली नाही तेव्हा बोलले.

"आलतो की. दोन खेपा आलतो. बेल दाबली, आत वाजलेली मला भाईर ऐकू येत होती. टीव्ही बी चालू होता. कोनी उठलं न्हाई."

"काका, त्यांना—"

"त्याचं न्हाई गं काही. त्याच्या आधी मी घरी आलतो ना, तवा त्याला सांगितलं, विमलला गाठ निघाली, अंबाजोगाईला आपरेशन हाय. तर ह्यो हसला आन् म्हनला, बरं झालं."

एवढं बोलून ते गाडीत चढले.  गाडी गेल्यावर जिनतला वाटलं, अब्बांना ऐकू येत नाही हे खिडकीपाशी धावत जाऊन सांगायला हवं होतं.

घरी येऊन तिनं बापाला काही सांगितलं नाही. कसं सांगावं तेच कळेना. त्यापेक्षा बेलचं काम सोपं होतं, म्हणून तिनं ते आधी हातात घेतलं.

बेल जुनीच होती, डिंग-डाँग वाजणारी. दाराबाहेर पांढरं बटण आणि आत पंख्याच्या बोर्डाच्या वर डबा. जिनतच्या मनात होतं की ती काढायची नाही. तिच्यातच वायफायचं छोटं मॉड्यूल बसवायचं. बाहेर बटण दाबलं की बेल तर वाजेलच, पण अब्बांच्या खोलीतला दिवाही उघडझाप करील. तिनं व्हिडिओ बघितले, मॉड्यूल मागवलं आणि एका सकाळी मेन स्विच पाडून स्टुलावर चढली. सगळं जोडून लाइट चालू केली, बटण दाबलं, आणि डब्यातून फट्ट आवाज येऊन जळका वास सुटला. ते व्हिडिओ बाहेरच्या देशातले. तिकडं बेलला ट्रान्सफॉर्मर असतो आणि व्होल्टेज अगदी कमी असतं. इथं बेल थेट घरच्या लाइटीवर. दिवसभर लोकांना चार्जर बघून घ्या म्हणून सांगणारी जिनत स्वतः मॉड्यूलवरचा व्होल्टचा आकडा वाचायला विसरली होती.

दुसरं मॉड्यूल तिनं नीट बघून आणलं. पण त्याला कायमची लाइट लागते आणि बेलच्या डब्यात लाइट बटण दाबल्यावरच येते. मग खालच्या पंख्याच्या बोर्डातून एक वायर वर ओढावी लागली. खोलीत नवा बल्ब लावला आणि मोबाइलवर बल्ब आणि मॉड्यूलची जोडणी करून दिली. परळीत वीज तयार होत असली तरी ती जाते परळीतही, म्हणून बेल, बल्ब आणि राउटर इन्व्हर्टरवर घेतले. दुपारी तिनं बाहेर जाऊन बटण दाबलं. डिंग-डाँग झालं, आत दिवा तीनदा लुकलुकला आणि तिच्या हातातला फोनही थरथरला. आता ती दुकानात असली तरी दाराशी कुणी आलं की तिला कळणार होतं. तिला फार बरं वाटलं.

रहीमभाईंना तसं वाटलं नाही. ते दिव्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, काढ ते. कुणी आलं आणि हा दिवा असा उड्या मारायला लागला तर लोक काय म्हणतील? बहिऱ्याचं घर म्हणतील. बेल चांगली ऐकू येते मला.

 जिनतच्या तोंडातून निघूनच गेलं. त्यांच्या अगदी समोर उभी राहून, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "अब्बा, सुंदरकाका दोनदा आले. बेल वाजली. तुमी उठला न्हाई. त्याच्या आधी काकूच्या गाठीचं त्यांनी तुमाला सांगितलं, तर तुमी हसून बरं झालं म्हनला."

जिनतनं रहीमभाईंना हे पुन्हा एकदा सांगितलं. मग ते पलंगावर बसले आणि किती तरी वेळ हातातली टोपी घडी करत, उलगडत राहिले. संध्याकाळी जेवले नाहीत. सकाळी उठले ते अंघोळ करून, धुतलेला कुडता घालूनच बाहेर आले. नांदूरघाटला जायचं म्हणाले. कंडक्टर काय बोलतो ते कळणार नाही, तू चल, असंही म्हणाले. असं त्यांनी आजवर कधीच म्हटलं नव्हतं. जिनतनं दुकान बंद ठेवलं.

सुंदरराव अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांना बघून उठले, पण पुढं आले नाहीत. रहीमभाई त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि बसा म्हणायच्या आधीच बोलले.

"सुंदरराव, मला ऐकू येत न्हाई. लई वर्सं झाली. लाजंनं बोललो न्हाई."

 आतून विमलबाई आल्या. ऑपरेशन होऊन बरेच दिवस झाले होते, तरी चालणं अजून जपूनच होतं. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मी तवाच म्हनलते. त्यांना ऐकू गेलं नसंल म्हनून. तुमी मानलं न्हाई."

ते रहीमभाईंना ऐकू गेलं नाही. त्यांनी विमलबाईंकडं तोंड केलं आणि विचारलं, वैनी, काय म्हनला, परत सांगा. जिनतनं बापाच्या तोंडून 'परत सांगा' हे पहिल्यांदाच ऐकलं. विमलबाईंनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, आणि मग गाठीचं, दवाखान्याचं, गोळ्यांचं सगळं तसंच मोठ्यानं सांगत गेल्या. शेजारच्या घरातली बाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली, इतक्या मोठ्यानं. सुंदरराव चहा सांगायला म्हणून आत गेले ते बऱ्याच वेळानं बाहेर आले, तोंड धुवून.

पुढच्या सोमवारी सुंदरराव परळीला आले. जिनतचा फोन दुकानात थरथरला, लगेच पुन्हा थरथरला, मग पुन्हा. काही झालं की काय म्हणून तिनं घरी फोन लावला तर सुंदररावांनीच उचलला. ते दिवा बघत होते. आधी ते स्वतः बाहेर जाऊन बटण दाबत होते आणि आत येईपर्यंत लुकलुकणं थांबत होतं, म्हणून आता रहीमभाई बाहेर उभे राहून दाबत होते.

तिनं त्यांना सांगितलं की तिचा फोनही वाजतोय. सुंदररावांनी ते रहीमभाईंना ओरडून सांगितलं असावं, कारण रात्री जेवताना अब्बांनी विषय काढला. बेल वाजली की तुला दुकानात कळतं? कळतं, ती म्हणाली. रोज? रोज. कोण आलं ते नाही कळत, पण आलं ते कळतं.

रहीमभाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. दिवा राहू दे म्हणाले. दिवा चांगला आहे. पण माझ्याकडं कधी कुणी येतं ते तुझ्या फोनमध्ये कशाला पाहिजे? जिनत म्हणाली, काळजी वाटते म्हणून. ते म्हणाले, काळजी वाटली तर घरी येऊन विचार. आता मी सांगीन.

जिनतला ते पटलं असं नाही. ताटं उचलून झाल्यावर ती फोन घेऊन बसली आणि तिनं आपल्या फोनवर येणारी ती सूचना बंद करून टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात एका फोनची काच बदलताना तिचं लक्ष सारखं आपल्या फोनकडं जात होतं. तो गप्प होता. घरी कुणी आलं होतं की नव्हतं, ते तिला संध्याकाळपर्यंत कळलं नाही.