एकाच कपाटातले दोघे

"मॅडम, हे शेवाळ खरं तर झाडांच्या कपाटातलं हाय. सत्तावीस वर्षांखाली मीच चुकून इथं प्राण्यांत ठेवलं," प्रयोगशाळेच्या शिपायाने, बद्रीनाथने शेवटी कबूल केलं.

जीवशास्त्र शिकवणाऱ्या तृप्ती मॅडम हसल्या. चूक सगळ्यांच्याच लक्षात आली होती, पण बरणी हलवायला उठतो कोण?

जुन्या जालन्यातल्या त्या कॉलेजला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सुट्टी असे. वासाची तक्रार करायला कुणी नसतं म्हणून बद्रीनाथ दरवर्षी त्याच दिवशी प्रयोगशाळेतल्या बरण्यांत नमुने टिकवणारं फॉर्मॅलिन भरायचा. यंदा मॅडम मुद्दाम आल्या होत्या. महिनाअखेर तो निवृत्त होणार होता.

एका बरणीत पांढुरका सालामांडर, पालीसारखा दिसणारा पाण्यातला जीव, मानेजवळ पिसांसारखे कल्ले. शेजारी समुद्रावर तरंगणारं तपकिरी शेवाळ, अंगावर ज्वारीच्या दाण्याएवढे हवेचे फुगे. दुपारचं ऊन बरण्यांतून भिंतीवर उतरलं की भिंत पाण्यासारखी हलायची, आणि जन्मात समुद्र न पाहिलेला बद्रीनाथ तिच्याकडे बघत बसायचा. तो पहिल्यापासून सालामांडरच्या बाजूचा. दूर मेक्सिकोतल्या एका तळ्यापलीकडे त्याला घर नाही. तळं आटत गेलं, हा तिथेच राहिला, आता नावापुरता उरलाय. बद्रीनाथला हे इमान पटायचं. बायको, चतुराबाई, गेल्यावरही त्याने दोन खोल्यांचं घर सोडलं नव्हतं.

काल पुण्याहून लेकीचा, अर्पिताचा फोन आला होता. "बाबा, बाळाजवळ तुम्ही आले तरच मी कामावर जाईन. न्हाई तर नोकरी सोडून देते." "बघतो," म्हणून त्याने फोन ठेवला होता.

"बिनमुळाचं हे, कुठं जात असंल हो?" त्याने शेवाळाची बरणी पुसत विचारलं.

"वारा नेईल तिकडं. पण त्याच्या आडोशाला माशांची, कासवांची पिल्लं वाढतात, बद्रीभाऊ. भर समुद्रात त्यांना दुसरी सावलीच न्हाई."

बद्रीनाथचा हात थांबला. इतकी वर्षं त्याने या बरणीवरची धूळ पुसली आणि आतल्या शेवाळाला बिनमुळाचं म्हणून मनातल्या मनात नावं ठेवली. त्याला लाज वाटली. मग व्हरांड्यात जाऊन त्याने फोन लावला.

"अर्पिता, महिनाअखेर गाडी घेऊन ये. मी बॅग भरून ठेवतो."

"बाबा, नक्की ना?"

"बिलकुल."

तो आत आला तेव्हा मॅडमनी विचारलं, "मंग शेवाळ हलवायचं का झाडांत?"

"राहू द्या. सोबत हाय त्याला."

सालामांडरची बरणी भरताना तो दरवर्षी बोटभर जागा सोडायचा. आज काठोकाठ भरली. पुढच्या करीला कुणी येईल, न येईल. झाकणाच्या कडेने त्याने नीट मेण लावलं आणि बरणी उन्हातून जराशी आत सरकवली.