शिळ्या चेंडूचा चमत्कार

अमेरिकेतल्या हर्नडन गावातल्या त्या घराच्या बेसमेंटमध्ये शनिवारी दुपारी साठ माणसं दाटीवाटीने बसली होती. भिंतीएवढ्या टीव्हीवर दोन पोरी हिरवट मातीच्या मैदानावर टेनिस खेळत होत्या, एक निळ्या झग्यातली, एक पांढऱ्या. आणि टीव्हीकडे पाठ करून, वाघाचं कातडं छापलेल्या ब्लँकेटवर, डोळे मिटून मृत्तिकानंद महाराज बसले होते.

“निळी!” महाराज म्हणाले.

थोड्या वेळाने पांढरीचा चेंडू जाळीत अडकला. गुण निळीला.

“पांढरी!”

निळीचा चेंडू रेघेपाशी पडला. पंचबाई उंच खुर्चीवरून उतरल्या, मातीत उमटलेली खूण वाकून पाहिली आणि बोट वर केलं. चेंडू बाहेर. गुण पांढरीला.

“ओ माय गॉड!” माझ्या पुढची बाई कानाला हात लावत म्हणाली. “खूण उमटायच्या आधी दिसली यार त्यांना!”

“माती ही माता आहे,” महाराज गात असल्यासारखे बोलले. “माता सगळं लक्षात ठेवते. झालेलं आणि होणारं. हे क्वांटम आहे, व्हायब्रेशन आहे. मी फक्त ऐकतो.” हा माणूस पाच वर्षांपूर्वी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या नोकरीत होता. आता लोकांमधल्या शोधतो.

ही सगळी आरास रविवारच्या फायनलसाठी होती. कोण जिंकणार ते महाराजांना माती सांगणार, आणि ज्याने जे काही त्यांच्या थाळीत ठेवलं त्याची महाराज स्वतःच्या हाताने पैज लावणार. दसपट परत. थाळीत जाडजूड पाकिटं पडत होती, आणि बदल्यात प्रसाद म्हणून मैदानावरच्या मातीची पुडी मिळत होती. मशिनला शहाणं करायचे पगार घेणारी माणसं रांगेत उभी होती.

माझी सून दीपा त्या रांगेत होती. तिच्या पर्समध्ये माझ्या पाटल्या होत्या. माझ्या आईच्या, मग माझ्या, लग्नात मी तिच्या हातात घातलेल्या. माझ्या अतुलची नोकरी गेली होती. दुसरी शोधायला व्हिसावाल्यांना साठ दिवस मिळतात, त्यातले चाळीस संपले होते. तिला दोष देत नाही मी. घाबरलेल्या माणसाला कोणीही चालवून नेतं.

दोष कुणाला द्यायचा ते मला ठाऊक होतं.

आदल्या शनिवारी मी इथेच उभी राहून विचारलं होतं, “महाराज, एवढं दिसतं तर स्वतःच्याच पैशांची पैज का लावत नाही? लोकांचं कशाला हवं?”

महाराज डोळे न उघडता हसले. “आजींचं शिक्षण किती?”

“दुसरी.”

“मग हा विषय तुमचा नाही. देवांग, यांना मागे बसव.”

देवांग त्यांचा पट्टशिष्य, चाळिशीचा टकलू. त्याने मला चपला-बुटांच्या ढिगाशेजारी बसवलं. सगळे हसले. दीपाने मान खाली घातली. मी अहिल्याबाई, चार पोरांची आई, आयुष्यात कुणाच्या चपलेजवळ बसले नव्हते. तिथेच ठरवलं, याला याच जागेवर बसवीन.

पण चपलांजवळून एक गोष्ट छान दिसते. पुढच्यांची पाठ आणि शिष्यांचे हात. त्या दिवशीही टीव्हीवर एक निळी आणि एक पांढरी खेळत होती. देवांग शिऱ्याचं ताट घेऊन फिरत होता आणि ताटाखाली फोन होता.

“काकू, शिरा घ्या,” तो मला मोठ्याने म्हणाला. महाराज लगेच म्हणाले, “निळी!”

जरा वेळाने परत आला. “मावशी, शिरा घ्या.” महाराज म्हणाले, “पांढरी!”

मी तीच! आमच्यात काकू बापाकडची आणि मावशी आईकडची. एकदा एखादीला काकू म्हटलं की जन्मभर काकू. हा मेला दर मिनिटाला माझं माहेर-सासर बदलत होता! मग मी मोजत बसले. काकू की निळी, मावशी की पांढरी. एकदाही चुकलं नाही.

राहिलं एकच कोडं. चेंडू पडायच्या आधी फोनला तरी कसं कळतं? त्याचं उत्तर माझ्या घरातच होतं. माझी बहीण आसावरी नागपूरला असते. फोन चालू ठेवून आम्ही दोघी क्रिकेट बघतो. ती तिकडे “गेला गं!” म्हणून ओरडते, तेव्हा माझ्या टीव्हीवर गोलंदाज अजून धावतच असतो. अतुलला विचारलं.

“आई, स्ट्रीमिंगला लॅग असतो,” तो म्हणाला. “चित्र फिरत फिरत उशिरा येतं. पंच गुण लावतात तो आकडा मात्र फोनवर लगेच दिसतो.”

“म्हणजे चित्र शिळं?”

“शिळंच म्हण. अर्धं मिनिट.”

मी आठवडाभर तोंड उघडलं नाही. दीपाला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, आई, तुम्हाला राग आलाय. राग आलाच होता. आणि साठ माणसांत झालेला अपमान साठ माणसांतच फेडायचा असतो.

तर या शनिवारी मी आपणहून चपलांजवळच बसले. दीपा थाळीपासून तीन माणसं मागे होती, आणि देवांग माझ्यापाशी आला. “काकू, शिरा…”

“काकू कसली रे?” मी खणखणीत आवाजात म्हटलं. “मागच्या वेळी मावशी म्हणालास. नीट मावशी म्हण!”

“बरं, मावशी,” तो सवयीने म्हणून गेला.

“पांढरी!” महाराज गरजले.

गुण निळीला गेला. खोलीत चुळबुळ झाली.

“मावशी, शिरा,” म्हणून देवांग दुसरीकडे वळला. मी त्याचा सदरा धरला. “आता मला मावशी का? मी तुझ्या बापाची वहिनी की आईची बहीण? ठरव एकदा!”

“काकू… म्हणजे मावशी… सोडा ना काकू!”

“निळी… पांढ… निळी!” महाराजांचा घाम टिळ्यात उतरला.

मी ताट उचललं. फोन सगळ्यांना दिसला. मला इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, आकडे येतात. वरची ओळ निळीची. टीव्हीवर तीस-तीस होतं, फोनवर वरच्या ओळीत चाळीस.

“निळी,” मी म्हटलं. गुण निळीला. असं तीनदा सांगितलं, तीनदा तसंच झालं. पुढची बाई माझ्या पाया पडायला वाकली!

“माझ्या पायाशी काय आहे, वेडे? फोन बघ,” मी तिला उठवलं. “चित्र शिळं आहे, आकडा ताजा. हा काकू-मावशी ओरडतो, तो ऐकून बोलतो. त्याला अर्ध्या मिनिटापुढचं कळतं आणि तुम्ही त्याला रविवारचं विचारताय! आणि ही प्रसादाची पुडी. मैदानावरची माती म्हणे. टीव्हीवर मैदान हिरवट दिसतंय आणि पुडीत माती तांबडी. एवढं तरी डोळ्यांनी बघायचं!”

लोकांनी थाळीवर झडप घातली, कोणी पोलिसांना फोन लावला. महाराज दाराकडे निघाले, पण त्यांचे बूट माझ्या मांडीखाली होते.

“बसा,” मी म्हटलं. “इथेच, चपलांजवळ. इथून सगळं स्वच्छ दिसतं. पोलीस येईपर्यंत वेळही जाईल.”

तो बसला. मी डोळे भरून बघून घेतलं.

गाडीत दीपाने पाटल्या माझ्यापुढे धरल्या. मी त्या परत तिच्याच हातात चढवल्या. अतुलचे वीस दिवस अजून बाकी होते, आणि नोकरी काही कुठली माती शोधून देणार नव्हती.

वाचणाऱ्यांनो, तुमच्यापुढे कोणी होणारं सांगू लागला तर त्याला एवढंच विचारा: तुला कसं कळलं, आणि स्वतःचं का लावत नाहीस? उत्तराऐवजी त्याने तुमचं शिक्षण विचारलं तर समजून जा. मी दुसरीपर्यंत शिकले. प्रश्न विचारायला तेवढं पुरतं.