विधवेचा कोळसा

क्लेमंट रोबकने एडा बर्किनशॉला नऊ वर्षांत किती वेळा लग्नाचं विचारलं, याची मोजदाद टॅनर रो या गल्लीतल्या बायकांनी केव्हाच सोडून दिली होती. उत्तर मात्र सगळ्यांना पाठ होतं. एडा किटली खाली ठेवायची, उसासा टाकायची आणि म्हणायची, "मिस्टर रोबक, माझ्या कोळशाचं काय?"

या वाक्यापुढे बोलायची हॅगथॉर्पमध्ये कुणाची टाप नव्हती. गाव खाणीचं. खाणीत राबणाऱ्याच्या दारात कोळशाची गाडी फुकट रिकामी व्हायची. तो गेला तर त्याच्या विधवेच्या दारात, पण ती विधवा राहील तोवरच. दुसरा नवरा केला की गाडी बंद. तो दुसराही खाणीतला असता तर त्याची गाडी आली असती. क्लेमंट मात्र को-ऑपच्या दुकानात कापड मोजायचा. माणूस सज्जन. दारू नाही, चर्चमध्ये आवाज लावला तर मागच्या बाकापर्यंत पोचणारा, बूट पुसून घरात येणारा. पण कोळसा विकत घेणारा, तोही पोत्याने! भरली कोठी सोडून पोत्यामागे कोण जाईल? "एडाचं काही चुकत नाही हो," बायका म्हणायच्या. क्लेमंटही मान डोलवायचा, ताटलीतला केक संपवायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा यायचा.

खरं कारण एडाने कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःशीसुद्धा ती ते हलक्या आवाजातच बोलायची. हॅरल्डबरोबर तिचा बावीस वर्षांचा संसार झाला. हॅरल्ड वाईट नव्हता. पण खाणीतून आला की खुर्ची फायरप्लेसपुढे ओढायचा, पाय फाकून बसायचा, आणि एडाला आपल्याच घरातली आग दिसायची ती नवऱ्याच्या दोन गुडघ्यांच्या फटीतून. ऊब सगळी पुढेच अडायची. मागे टेबलाशी बटाटे सोलणाऱ्या बाईच्या वाट्याला त्याची पाठ. हॅरल्डला पुरून आल्यावर, माणसं पांगल्यावर, एडा पहिल्यांदा त्या खुर्चीत बसली. नडग्यांना शेक लागला आणि तिला रडू कोसळलं. नणंद डोरीनला वाटलं, नवऱ्याच्या आठवणीने. एडाने तिला तसं वाटू दिलं.

मग धूरबंदी आली.

कौन्सिलचा एक किडकिडीत साहेब खाणकामगारांच्या हॉलमध्ये उभा राहिला आणि सांगू लागला, की ऑक्टोबर लागला की टॅनर रोच्या एकाही धुराड्यातून धूर निघता कामा नये. फायरप्लेसमधल्या जुन्या लोखंडी जाळ्या काढायच्या, नव्या बसवायच्या, आणि कोळशाऐवजी कोक, म्हणजे भाजून धूर काढलेला कोळसा, जाळायचा. नव्या जाळीचा बराचसा खर्च कौन्सिल देईल. आणि कोळशाची गाडी या गल्लीत फिरकणार नाही.

"विधवांची पण?" एडाने विचारलं. आवाज चिरका निघाला.

"सगळ्यांचीच, मॅडम. जो जाळायचाच नाही तो आणून टाकायचा कशाला?"

मग एडाच्या समोरच्या घरातली मिसेस सगडन, जिची जीभ तिच्याआधी उठून बसायची, ओरडली, "अगं एडा, लग्नाची टोपी शिवायला टाक! तुझा कोळसा गेला की गं धुरात!"

सगळा हॉल खिदळला. मागच्या रांगेत क्लेमंट हातात हॅट धरून बसला होता. त्याचे कान लाल झाले, पण तो हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून एडाने नजर वळवली. ती आशा होती. इतकी वर्षं घडी न मोडता ठेवलेली.

त्या दिवसापासून गावाने एडाचं लग्न परस्पर लावून टाकलं. खाटकाने मटण बांधताना डोळा मिचकावला. पाद्रीबुवांनी कोणता शनिवार सोयीचा ते विचारलं. "तुझं मांजर मी घेऊन जाईन हो, त्याची काळजी करू नकोस," डोरीन म्हणाली. हवं की नको, हे विचारायचं मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नाही. कशाला येईल? अडचण कोळशाची होती, ती सरकारने दूर केली.

एडा नवं कारण शोधायला लागली. गुडघे दुखतात म्हणावं, तर क्लेमंट म्हणेल, मग तर तुला माणूस हवंच. हॅरल्डची आठवण म्हणावी, तर डोरीनच हसेल. एकेक कारण ती उचलून बघायची आणि खाली ठेवायची. कोळशाच्या वजनाचं एकही नव्हतं. लहानपणापासून तिला कारण द्यायला शिकवलं होतं. नुसतं नको म्हणायला कुणी शिकवलंच नव्हतं.

ऑक्टोबर उजाडला. नवी जाळी बसवणाऱ्या माणसांना एडाने आज या, उद्या या म्हणत परतवलं. शेडमध्ये अर्धा कोळसा पडून होता, आणि ती कोट घालून विझलेल्या जाळीपुढे बसायची. बाहेर धूर नसल्याने गल्ली उजळली होती. मिसेस सगडनने आपल्या घरामागच्या गल्लीत दोरीवर चादरी घातल्या आणि त्या वाळल्यावरही पांढऱ्याच राहिलेल्या पाहून, दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखी ती बावचळून उभी राहिली.

एका सोमवारी क्लेमंट आला. रविवारचा माणूस सोमवारी, आणि खिशात मोजपट्टी.

"दुकान आज बंद आहे, मालाची मोजणी चाललीय. माझं कापड मोजून झालं," तो म्हणाला. "म्हटलं, नवी जाळी बसेल तेव्हा समोर नवा गालिचा हवा. तू बस, मी मोजतो." तो गुडघ्यांवर बसला, पट्टी पसरली आणि कपाळाला आठी घालून म्हणाला, "दोन खुर्च्या शेजारी शेजारी मावत नाहीत, एडा. एक थोडी मागे घ्यावी लागेल." मग वर पाहून हसला. "माझी घेऊ मागे. मला कुठे थंडी वाजते!"

तो 'तुझी मागे' म्हणाला असता तर किती बरं झालं असतं! एडाला त्याचा राग धरता आला असता. पण त्याने तेवढीही सोय ठेवली नाही. तिला आपल्यापुढे कुणाची पाठ नको होती, तसंच आपल्या पाठीमागे बसलेलं भलं माणूसही नको होतं.

"मिस्टर रोबक," ती म्हणाली, "मला लग्न करायचं नाही."

"पण आता कोळसा तर—"

"कोळसा खरा होता हो. पण कारण तो नव्हता."

क्लेमंटने पट्टी सावकाश गुंडाळली. "नऊ वर्षं, एडा. एकदा सांगायचंस तरी."

"तुम्ही यायचे थांबला असता."

"छे! थांबलो नसतो." मग तो घुटमळला; खोटं बोलायची सवय नव्हती. "थांबलो असतो बहुतेक."

तो हॅट घेऊन उठला, पुढचं दार बोटभर उघडलं आणि तसंच लावून घेतलं.

"काय झालं?"

"सगडनबाई पायरी घासतायत."

"सकाळीच घासलीय तिने."

"पुन्हा घासतायत. आणखी दोघी आहेत, आणि तुझी नणंदही. मी हसत बाहेर गेलो तर तुला मिठ्या मारतील."

"आणि असेच गेलात तर?"

"तर नाताळापर्यंत कापड घ्यायला येणारी प्रत्येक बाई माझ्याकडे मान वाकडी करून बघेल. 'बिचारा.'"

मागच्या गल्लीत सोमवारची धुणी आणि धुण्यांची राखण करणाऱ्या सासवा. तिकडूनही सुटका नव्हती. क्लेमंट खुर्चीच्या कडेवर बसला, एडा समोर बसली. स्टोव्हवर केलेला चहा निवला. दोघांना एकमेकांशी बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि दोघांनाही उठता येत नव्हतं. बाहेर ब्रश दगडावर खर्र खर्र चालूच होता.

एडा उठली. शेडमधून बादलीभर कोळसा घेऊन आली, चुरा आणि ओलसर ढेकळं वेचून. वर्तमानपत्र, काटक्या, वर कोळसा. काडी ओढली.

"एडा, अगं दंड होईल!"

"होऊ दे."

आधी जाळ झाला, मग ओला चुरा धुमसला आणि धुराड्यातून पिवळट काळा लोट बाहेर पडून समोरच्या छपरांवरून त्यांच्या मागच्या गल्लीकडे वळला. बाहेरचा ब्रश थांबला. "माझ्या चादरी!" मिसेस सगडन किंचाळली. चौघीजणी ब्रश, बादल्या टाकून घराघरांतून मागे धावल्या.

"जा आता," एडाने पुढचं दार उघडलं.

क्लेमंट उंबऱ्यात क्षणभर थांबला. "गालिच्याचं सांगून ठेवलं होतं. ते रद्द करतो," तो म्हणाला आणि रिकाम्या गल्लीतून, कुणीही न बघता, हॅट डोक्यावर न घालता गेला. रविवारचं काही बोलला नाही. एडाला त्याला हाक मारावीशी वाटली. पण हाक मारून पुढे काय सांगायचं, ते तिला ठाऊक नव्हतं.

तिने आगीवर पाण्याचं भांडं ठेवलं आणि पुढे बसते न बसते तोच दार वाजलं. जाळ्या तपासत फिरणारा कौन्सिलचा किडकिडीत साहेब, आणि त्याच्यामागे काळ्या ठिपक्यांची चादर छातीशी धरलेली मिसेस सगडन.

"मिसेस बर्किनशॉ, हा गुन्हा आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

साहेब तरुण होता, मनाने मऊ होता. त्याने पेन्सिल काढली. "जाळी बसवणारे आले नाहीत का? की कोक मिळाला नाही? काही कारण असेल तर लिहून घेतो. सोपं जाईल तुम्हाला."

"कारण कसलं विचारता?" मिसेस सगडन चादर नाचवत म्हणाली. तरी एडाला दंड होणार म्हटल्यावर तिचा आवाज निम्म्यावर आला होता. "डोकं ठिकाणावर नाही तिचं. लग्नाची धांदल चाललीय बाईची."

दोन कारणं, आयती, दारात उभी होती.

"कारण काही नाही," एडा म्हणाली. "लावावीशी वाटली, लावली. आणि लग्न मी करत नाहीये."

"अगं बाई! का गं?"

"नको आहे मला."

साहेबाची पेन्सिल कागदावर अडली. "म्हणजे... तसंच लिहू?"

"तसंच लिहा." मग तिने मिसेस सगडनपुढे हात केला. "आण ती चादर इकडे. पाणी तापतंच आहे, धुऊन देते."