बहिणींनी वाटून घेतलेल्या गोळ्या

मित्रांनो, मी एक जुनी औषधाची बाटली आहे. आता माझ्यात शर्टाची बटणे असतात. पण एके काळी मला फार जपले जाई.

कारखान्यात माझ्यासारख्या हजारो बाटल्या तयार झाल्या. काहींत पक्षाघात टाळू शकेल असे नवे औषध भरले, काहींत हुबेहूब तशाच दिसणाऱ्या साखरेच्या गोळ्या. माझ्या पोटात काय आहे, हे मलाही ठाऊक नव्हते.

दवाखान्यात मी गाणे शिकवणाऱ्या एका बाईंच्या हाती आले. त्यांच्या धाकट्या बहिणीला, शिवणकाम करणारीला, दुसरी बाटली मिळाली. दोघी ठणठणीत होत्या. पण वडील पक्षाघाताने अंथरुणाला खिळून गेले होते, म्हणून त्या या नव्या औषधाच्या चाचणीत आल्या.

"सगळ्यांनाच खरं औषध का देत नाही हो?" धाकटीने विचारले.

"मग आजार औषधामुळे टळला की तो होणारच नव्हता, हे कसं कळायचं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही आज धडधाकट आहात. फरक दिसायला वर्षं लागतील. तोवर धीर धरा."

वर्षे सरली. 'आम्हाला काही झालेलंच नाही, मग गोळ्या कशाला?' म्हणत बरेच जण यायचे थांबले. या दोघी मात्र नेमाने येत. डॉक्टरीणबाई त्यांचे तोंडभरून कौतुक करत आणि आम्हा बाटल्यांना पुन्हा भरून देत.

घरी काय चाले, ते मात्र मीच पाहत होते. थोरली, म्हणजे गाणे शिकवणारी ताई, ओट्यावर दोन्ही बाटल्या एका ताटात ओती, गोळ्या मिसळी आणि निम्म्या निम्म्या परत भरी.

"ताई, असं चालतं का गं?"

"न चालायला काय झालं? तुझ्या वाट्याला नुसतीच साखर आली असेल तर? मला घास गोड लागायचा नाही. कुणाला बोलू नकोस."

एका सकाळी वर्गात गाता गाता ताईचा सूर तुटला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली.

धाकटीने रडत रडत डॉक्टरीणबाईंना सगळे सांगितले. मग कुणाला काय दिले होते, याची तोवर सगळ्यांपासून, डॉक्टरांपासूनही, बंद ठेवलेली यादी उघडून पाहावी लागली. खरे औषध ताईच्याच बाटलीत, माझ्यात, भरले जात होते.

"म्हणजे मी तिचं औषध खाल्लं?"

"पूर्ण घेतलं असतं तरी टळलं असतं का, हे मलाही सांगता येत नाही हो. तेच तर शोधत होतो." डॉक्टरीणबाईंनी यादी मिटली. "एका घरात दोन तऱ्हेच्या गोळ्या द्यायलाच नको होत्या. हे मला सुचायला हवं होतं."

दोघींच्या इतक्या वर्षांच्या नेमातून औषधाबद्दल काहीच धड कळेना.

"रागावली नाहीस ना गं?" ताईला भरवताना धाकटी रोज विचारी. ताई हसे. ते हसू आता चेहऱ्याच्या एकाच बाजूला उमटे. हिवाळा संपायच्या आत ती गेली.

मित्रांनो, धडधाकट माणसे उद्याच्या लोकांसाठी वर्षानुवर्षे औषध घेतात. तुमच्यापैकी कुणी पुढे डॉक्टर झाले, तर अशा माणसांच्या हाती बाटली देण्याआधी त्यांना जरा बसवून घ्या. घरी कोण कोण आहे आणि कुणाची काळजी वाटते, एवढे त्यांना विचारा.