धूर पिणारे महाराज

चौकातल्या हवेचं प्रदूषण दाखवणाऱ्या फलकाखाली सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. धूर पिणारे महाराज गाल फुगवून शहराची हवा आत ओढत होते, आणि फलकावरचा आकडा तीनशेवरून साठावर उतरला होता. तुमचा धूर आम्ही प्यालो, आता निर्धास्त श्वास घ्या, असं त्यांनी म्हटलं की माणसं डोळे पुसायची.

बाजूच्या केबिनीतल्या यंत्रवाल्याचा मात्र जळफळाट व्हायचा. अकरा वर्षं त्याने हवा मोजणाऱ्या यंत्राच्या जाळ्या धुतल्या, नळ्या बदलल्या. कुणी कौतुकाने बघितलंही नव्हतं. हे सोंग येऊन आठच दिवस झाले, तर त्याच्या साहेबांनी केबिनीवरच्या गच्चीची किल्ली महाराजांच्या शिष्यांच्या हवाली केली. बायको तर घरात ऐकवायची, "तुम्हाला अकरा वर्षांत जमलं नाही ते त्यांनी आठ दिवसांत केलं."

नुसता मत्सर त्याने गिळलाही असता. पण हवा शुद्ध झाली म्हणून बायकोने पोरीचा दम्याचा पंप बंद केला. आज गर्दीत पोरीला आईजवळ धापा टाकताना पाहून त्याला राहवेना. शिष्य गर्दी आवरत होते, तेवढ्यात तो मागून शिडी लावून गच्चीवर चढला. हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला ओलं चौपदरी फडकं बांधलेलं होतं. त्याने ते सोडलं. दहा मिनिटांत फलक दोनशे नव्वद दाखवू लागला.

पापी माणूस वर चढला म्हणून धूर परतला, असं महाराजांनी तत्काळ जाहीर केलं.

"माझ्या पोटात दुखतंय, हे खरंय," यंत्रवाला वरूनच म्हणाला. "तेव्हा माझं ऐकूच नका. महाराजांना तोंड मिटून बसू द्या. मी फडकं बांधतो, तुम्ही आकडा बघा."

महाराजांनी तोंड मिटलं. आकडा साठावर आला. फडकं सोडलं, पुन्हा चढला. मग गर्दीतल्याच एकाने वर जाऊन तेच केलं, आणि तेच घडलं.

यंत्रवाल्याने खाली येऊन बायकोपुढे फडकं पसरलं. मधोमध नळीच्या तोंडाएवढा काजळीचा काळा गोल उमटला होता.

"कुणीही सांगू दे, मी का असेना, आधी तपासून बघायचं," तो म्हणाला. "यंत्राच्या तोंडाला आठ दिवस फडकं होतं. पोरीच्या तोंडाला काय होतं?"

बायकोने घाईघाईने पिशवीत पंप शोधायला घेतला.