उगवतीच्या घराचा कौल

मुलांनो, डोळे मिटू नका, उघडेच ठेवा आणि असं समजा, की तुमच्या कानात कुणीतरी सारखं बोलतं आहे. शेजारच्या मुलाला ते ऐकू येत नाही. गुरुजींना येत नाही. तुम्ही ‘गप्प बस’ म्हणून ओरडलात, तर सगळा वर्ग तुम्हालाच हसतो. तुम्ही निजलात तरी ते बोलणं निजत नाही. आणि मग एक दिवस, ज्याच्यावर तुमचा भरवसा आहे असा मोठा माणूस बोट दाखवून सांगतो, ‘ते बघ, तिथून येतंय ते.’ काय कराल तुम्ही? घाईनं उत्तर देऊ नका. चिमाच्या केरूकाकाचं काय झालं, ते आधी ऐका.

चिमाचं घर रत्नागिरीकडच्या पालीपासून आत, एका वाडीत होतं. मुंबईची गिरणी बंद पडली तेव्हा केरूकाका गावी आला, तो चांगला धड होता. चिमाला माडाच्या पातीची पिपाणी करून द्यायचा, शेतावर जाताना खांद्यावर घ्यायचा. मग हळूहळू त्याची झोप गेली. तो कानात कापूस घालून हिंडू लागला. जेवायला बसला, की आपलं ताट चिमाच्या ताटाशी बदलून घ्यायचा आणि हळूच म्हणायचा, “तुझ्यात इख घालायचे नायत ते.” विहिरीवर ओणवा होऊन आत कुणाला तरी विनवायचा, “जरा हळू बोला रे, पोर निजलीय.”

वाडीतली पोरं त्याच्या मागून ‘खुळा केरू, खुळा केरू’ करत धावत. दुकानाच्या फळीवर बसलेली मोठी माणसंही काही कमी नव्हती. “काय केरूशेट, आज रेडिओवर तुमचं नाव आलं का?” असं विचारून ती मांडीवर थापा मारत. काका खरंच थांबायचा आणि घाबऱ्या आवाजात विचारायचा, “तुमी पण आयकलंत?”

चिमाच्या आईनं, तुळसानं, एकदा धीर करून विषय काढला. “अवो, भावोजींना रत्नागिरीला दाकवूया का? तितं मोठं इस्पितळ हाय म्हणतात.”

“येड्यांचं?” चिमाचे बाबा हरिश्चंद्र भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबले. “आनि उद्या चिमीला कोन करून घेल? म्हणतील, रक्तातच खूळ हाय त्यांच्या. गप ऱ्हा. देवाला इचारू.”

विचारायचं म्हणजे देवळात कौल लावायचा. रघू गुरवानं देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, डावीकडे आणि उजवीकडे. उजवी पडली तर देव ‘हो’ म्हणाला, डावी पडली तर ‘नाही’. चिमा आईला चिकटून उभी होती. काका खांबाशी बसला होता. देवासमोर म्हणून त्यानं कानांतला कापूस काढून मुठीत धरला होता.

“महाराजा,” रघू गुरव म्हणाला, “ह्या लेकराला दुखणा हाय काय?”

डावी पाकळी पडली.

“मग कुनाची करणी हाय?”

उजवी पडली. बायकांत कुजबुज झाली. तेव्हा बाबा पुढे झाले आणि गुरवाला म्हणाले, “इचार, उगवतीच्या घरची हाय काय?”

बराच वेळ काही पडलं नाही. पाषाणावरून पाणी ओघळत होतं. मग उजवी पाकळी सुटली.

चिमाच्या घराच्या उगवतीला एकच घर होतं, भिकाजीचं. मध्ये दगड रचून केलेलं कुंपण, गडगा. त्या गडग्यावरून बाबांचं आणि भिकाजीचं दोन पावसाळे हाडवैर होतं. भिकाजीनं गडगा हातभर आत सरकवला, असं बाबांचं म्हणणं. मावळतीचं बाबांनी विचारलंच नाही. वरच्या वाडीचंही नाही. चिमानं काकाकडे पाहिलं. मागे वळून तो उगवतीकडे बघत होता. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा निवांत दिसला.

चार दिवसांनी सकाळी भिकाजी गडग्याची ढासळलेली बाजू रचत होता. केरूकाकानं त्याच गडग्यातला एक दगड उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. मग तो पळाला नाही. भिकाजीचं डोकं मांडीवर घेऊन बसला आणि विचारत राहिला, “भिकादादा, आता तुलापण आयकू येत नाय ना?”

पोलीस त्याला घेऊन गेले, आणि त्या दिवसापासून वाडीतलं कुणीच त्याला खुळा म्हणेना.

रत्नागिरीच्या कोर्टात सरकारनं काकाला वकील दिला होता. बिचारा भला माणूस. त्यानं बाबांना बाजूला घेऊन समजावलं होतं, “आपण काय करतोय हेच त्याला कळत नव्हतं, असं ठरलं तर तो तुरुंगात जाणार नाही, इस्पितळात राहील, उपचार होतील. पण ते आपल्यालाच शाबीत करावं लागतं. आज तो गप्प बसलाय. त्या दिवसांत कसा होता, ते बघितलेल्या माणसानं सांगायला हवं.”

बाबा पिंजऱ्यात उभे राहिले. “ठणठणीत व्हता सायेब,” ते म्हणाले. “कदी काय नाय.”

मग रघू गुरव. वकिलानं विचारलं, “सगळी वाडी त्याला खुळा केरू म्हणत होती ना?”

“पोरं म्हणत असतील.”

“आणि तुम्ही?”

“देवानं दुखणा नाय म्हणून सांगितलान,” गुरव ताठ होऊन म्हणाला. “देव खोटा बोलंल काय, सायेब?”

आरोपीच्या जागी केरूकाका मान हलवत होता. देवाचं त्यालाही पटलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत वकील घाम पुशीत बाहेर आला. “तुम्हाला घरचे साक्षीला उभं राहू देत नाहीत. आता एकच साक्ष राहिली, भिकाजीच्या बायकोची,” तो तुळसाला म्हणाला. “गडग्यापलीकडून ती रोज त्याला बघत होती. मी विचारीन तिला. पण ज्या बाईचा नवरा गेला, ती कशाला सांगेल?”

भिकाजीची बायको, दमयंतीकाकी, आवारातल्या वडाखाली एकटीच बसली होती, भाकरीचं फडकं न सोडता. गडग्याच्या वैरापायी काकानं दावा साधला, एवढंच तिला ठाऊक होतं. कौलाला वाडीनं तिच्या घरच्यांना बोलावलंच नव्हतं, आणि नंतर कुणी तिच्याशी बोललं नव्हतं.

“चिमे, हितं ये,” बाबा म्हणाले. “तिकडं बघू नको.”

आईनं चिमाचा धरलेला हात सोडला.

चिमा उन्हातून सरळ वडाखाली गेली. दमयंतीकाकीनं तोंड फिरवलं. चिमा वळसा घालून तिच्या तोंडासमोर जाऊन बसली.

“चिमे!” बाबांची हाक आली. आवारातली माणसं बघू लागली.

“काकी,” चिमा म्हणाली, बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, “केरूकाका आजारी व्हता. तुमचं घर त्याला आमच्या बाबांनी दाकवलं.” आणि मग देवळात कुणी काय विचारलं आणि काय विचारलंच नाही, ते पहिल्यापासून सांगू लागली.