रबराखालचं हसू

ब्रशच्या टोकाशी डिंकाचा थेंब लोंबत होता, पडू की नको अशा बेतात. आणि तो आपल्याच गालावर पडणार या जुन्या सवयीनं लॉइड मॅकारीनं डोळे मिटून घेतले. थेंब पडला तो शेजारी खुर्चीत बसलेल्या तरुणाच्या मानेवर, रबरी मुखवट्याच्या कडेशी.

"तू चक्क दाढी करून आलायस," मुखवटा चिकटवता चिकटवता डोलोरेस लॉइडला म्हणाली.

दोनदा केली होती. खुंट राहिले की डिंक धरत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? बरबँकच्या याच रंगभूषेच्या वर्कशॉपात पहाटे पहाटे ती त्याला थारुक करायची — सिनेमातला सरड्यांचा राजा थारुक, ज्याला साऱ्या अमेरिकेतली पोरं भ्यायची. 'थारुक परत येतोय, एकदा येऊन जा,' एवढंच ती फोनवर म्हणाली होती. आणि त्या एवढ्याशा वाक्यात तो सिंहासनावर बसूनही टाकला होता...

"तुला सांगितल्यावाचून राहवेना रे. नवा थारुक म्हणून या केलनच्या चेहऱ्यावरून साचा केला, तर निर्मात्यांना राजा ओळखूच येईना. मग फळीवरचा तुझा तेव्हाचा प्लास्टरचा चेहरा काढला, हा मुखवटा त्यावरून ओतला."

म्हणजे चेहरा हवा होता — त्याच्यामागचा माणूस तेवढा नको. इतकी वर्षं धूळ खात पडलेला, एकही सुरकुती न पडलेला तो पांढरा लॉइड निवडला गेला होता, आणि हा, श्वास घेणारा, बाजूला उभा होता. हेवा करायचा तरी कुणाचा? त्या पोराच्या ताठ मानेचा, की स्वतःच्याच प्लास्टरचा?

"सर, लहानपणी तुम्हाला बघून मी पलंगाखाली लपायचो," केलन म्हणाला.

"मग बाहेर कशाला आलास?"

डोलोरेस खळखळून हसली. केलनही हसला असावा. मुखवटा मात्र ढिम्म. "हे बघा ना! मी हसतोय आणि हा हलतच नाही. तुम्ही कसं करायचात?"

रबर हसू गिळून टाकतं. गाल खाली ओढून, ओठ आवळून, आतून रडं दाबावं — तेव्हा कुठे बाहेरचा राजा हसतो. आई गेल्याची तार आली त्या दिवशी, कॅमेऱ्यासमोर, त्याला हे गवसलं होतं. काय हसलास, म्हणून सगळ्यांनी टाळ्या पिटल्या होत्या. ते हसू त्यानं कधी कुणाला दिलं नव्हतं. याला तर — नाहीच.

"नुसतं हस," लॉइड म्हणाला. "येईल आपोआप."

केलन आरशाकडे वळला. पुन्हा हसला, काही नाही. पुन्हा. मग त्याची नजर सरकली, आरशातल्या लॉइडवर थांबली — आणि लॉइडला कळलं की आपले गाल खाली ओढले गेलेत, ओठ आवळलेत... केव्हापासून?

केलननं गाल खाली ओढले.

थारुक हसला. सावकाश, क्रूर, देखणा. डोलोरेसच्या हातातला ब्रश हवेतच राहिला.

थांबावं, तोंड फिरवावं, असं लॉइडला वाटत होतं. पण तिकडे आरशात, केलनवर चढलेला त्याचा जुना चेहरा इतक्या वर्षांनी त्याचं ऐकत होता — आणि लॉइडनं ओठ आणखी थोडे आवळले.